डाव्या बाजूचा खिसा

बटणला हे नाव पडलं ते तिच्या झग्यांमुळे. बाकीच्या पोरींच्या झग्यांना बटणं पाठीवर असतात. हिच्या प्रत्येक झग्याला ती डाव्या खांद्यावर, मानेपासून पार दंडापर्यंत रांगेत. बटणं सोडली की झगा एका बाजूने पूर्ण उघडायचा. मग डावा हात अलगद आत ठेवायचा आणि बटणं लावून टाकायची. हात वर करायची गरजच नाही. आणि तो वर झालाही नसता, कारण बटणचा डावा हात जन्मल्यापासून खांद्यातून उचलला जात नव्हता.

हे झगे शिवायची तिची आई. ती एका मोठ्या शिवणघरात कामाला होती. तिथे प्रत्येकीचं काम ठरलेलं: एक कापणार, एक कॉलर लावणार, एक काजं करणार, आणि बाह्या बसवायच्या हिने. बाही बसवणं दिसतं तेवढं सोपं नसतं हो. मुंढा म्हणजे खांद्यापाशी ठेवलेलं भोक; बाहीचा माथा त्याच्यापेक्षा जरा मोठाच कापलेला असतो. ते जास्तीचं कापड बोटांनी चुचकारत, सारत, आत घ्यायचं असतं. नवी मुलगी आली की हमखास ओढायची, आणि खांद्यावर चुण्याच चुण्या. मग ही स्वतःच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "ओढू नका. वळवून घ्या." दिवसातून कितीदा म्हणायची ते तिचं तिलाही माहीत नसे. शिवणघरातल्या बायकांनी तिचं नावच 'ओढूनकाबाई' ठेवलं होतं.

बटणच्या झग्यांना आणखी एक गंमत असायची. डाव्या बाजूला खिसा. तोही बरोबर तेवढ्याच उंचीवर, जिथे तो लुळा हात आपसूक येऊन टेकेल. हात खिशात गेला की कोपर किंचित वाकायचं, मनगटाची उलटी वळलेली ठेवण लपायची, आणि पोरगी अशी काही उभी राहायची की बघणाऱ्याला वाटावं, ही आता कुणाला तरी कामावरून काढून टाकणार. आजीला, म्हणजे बटणच्या बाबाच्या आईला, ही ऐट फार आवडायची. "साहेब आहे माझी नात, साहेब!" म्हणत ती फोनवर फोटो काढायची आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना पाठवायची. हाताबद्दल घरात विषय निघालाच तर तिचं वाक्य तयार असायचं: "झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि बटणला स्वतःला काय वाटायचं? तिला काहीच वाटायचं नाही, कारण तिला आईने एक गोष्ट सांगून ठेवली होती. डावा हात झोपाळू आहे. रात्री सगळे झोपले की तो उठतो, खिडकीतून बाहेर पडतो आणि घराघरांत शिरून लोकांची फाटकी स्वप्नं शिवतो. कुणाचं मधेच उसवलं असेल तर टाका घालतो, कुणाचं आखूड झालं असेल तर दुमड सोडून लांब करून देतो. पहाटे दमून परत येतो, म्हणून दिवसभर खिशात झोपतो.

"काल कुणाचं शिवलं?" सकाळी डोळे चोळत बटण विचारायची.

"कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं. तो समुद्रात पोहत होता, आणि समुद्रच मधोमध फाटला."

"मग?"

"मग काय, निळा दोरा घेतला आणि शिवला. पाववाला काठावर पोचला. म्हणून तर आज पाव वेळेवर आले."

गोष्ट गोड होती, आणि गोड गोष्टीची सवय लागते. व्यायाम करून घेणाऱ्या ताई घरी यायच्या, त्यांनी डावा हात हातात घेतला की बटण ओठांवर बोट ठेवायची. "शू! तो झोपलाय." ताई आधी हसल्या, नंतर हसेनाशा झाल्या. जाताना दारात म्हणाल्या, "ती गोष्ट बदला हो. झोपवलेला हात झोपूनच राहतो." आईने मान डोलावली. गोष्ट मात्र बदलली नाही. इतकं मऊ खोटं उसवायचं तिच्या जिवावर यायचं.

खरं तर शिवायची गरज होती ती तिच्याच स्वप्नाला. ते पुन्हा पुन्हा पडायचं. ती मशीनवर बसलेली असायची, समोर हिरवं कापड, आणि बाही मुंढ्यात जात नसायची. कापड ओलं आणि कोमट लागायचं. मग कुणाचे तरी हात तिच्या हातांवरून पुढे यायचे आणि बाही धरून ओढायला लागायचे. ती म्हणायची, ओढू नका. कुणाला ऐकूच जायचं नाही. मग कुठेतरी आत, अगदी बारीक आवाज करून, एक दोरा तुटायचा. तिथे जाग यायची.

दोरा तुटल्याचं दुःख होतंच. पण तिला कुरतडायची ती दुसरीच गोष्ट. यातलं स्वप्न किती आणि प्रसूतीची खोली किती, हे तिला कळत नव्हतं.

त्या दिवशी तिला इंजेक्शन दिलं होतं. त्यानंतर सगळं कानात कापूस घातल्यासारखं लांबून येत होतं. हिरव्या चादरी होत्या. ट्रेमधल्या चिमट्यांचा किणकिणाट होता. मोठ्या डॉक्टरीणबाई कुठे दिसत नव्हत्या. एक तरुण चष्मेवाला डॉक्टर होता, त्याने खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरला होता आणि त्याच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती. एक नर्स स्टुलावर चढून तिच्या पोटावर भार देत होती. बाळाचं डोकं बाहेर आलं होतं आणि खांदा अडकला होता, हे तिला नंतर समजलं. तेव्हा एवढंच कळत होतं की कुणीतरी ओढतंय. आणि ती म्हणाली, "ओढू नका."

म्हणाली की म्हणावंसं वाटलं? तिथेच तर घोडं अडलं होतं.

बाळ रडलं. एक हात हवेत नाचला, दुसरा नाचला नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई घाईघाईने आत आल्या आणि म्हणाल्या, "बाळ मोठं आहे, खांदा जरा अवघडलाय. सुटेल आठवड्यात." त्या आठवड्याची वाट बघण्यात दिवस गेले, महिने गेले. बटणचा बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे अडकलेली गोष्ट कशी सोडवायची याबद्दल त्याची मतं ठाम होती. त्याला थेट पोलिसांत जाऊन डॉक्टरला आत टाकायचं होतं. आजी म्हणायची, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि पोरीच्या हाताचा बोभाटा करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एक ओढायचा पुढे, एक ओढायची मागे, आणि बटणची आई मधे बसून खिसे शिवायची.

शेवटी मोठ्या शहरातल्या एका सर्जनने हात नीट तपासला. मानेतून खांद्याकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आहेत, म्हणाला. ऑपरेशनने थोडं परत येईल, सगळं नाही. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "जन्मताना कुणी मान धरून ओढलं होतं का?"

बटणच्या आईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने दाराकडे बघितलं. दुसऱ्याच दिवशी दोघं वकीलबाईंच्या जिन्यात उभी होती.

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं, खालच्या मशीनची घरघर टेबलापर्यंत यायची. बाई पेपरमिंट चघळत बोलायच्या आणि समोरच्यालाही एक द्यायच्या, म्हणजे तो मधे बोलत नाही.

"रस्ते तीन," त्या म्हणाल्या. "पोलिसांत जाता येतं. पण तिथे नुसती चूक दाखवून भागत नाही, अक्षम्य बेफिकिरी होती हे सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक घोडी तिथेच पेंड खातात. दुसरा रस्ता वैद्यकीय परिषदेचा. ती ताकीद देईल, फार तर परवाना अडवेल, पण पोरीच्या ऑपरेशनला तिथून छदाम मिळणार नाही. तिसरा, भरपाईचा दावा. पोरीच्या नावाने. तुम्ही आलात उशिरा, पण ती लहान आहे म्हणून वाट अजून उघडी आहे, त्या मुदतीचं मी बघते. हॉस्पिटलकडून सगळे कागद मागायचा तुमचा हक्क आहे, तो अर्ज आजच करा."

"आणि त्या डॉक्टरला शिक्षा?" बटणच्या बाबाने पेपरमिंट गालात सरकवत विचारलं.

"तुम्हाला त्याला आत टाकायचंय की पोरीचा हात वर करायचाय? दोन्ही मागा, पण आधी कशाला धावायचं ते ठरवा."

बटणच्या आईने हळूच विचारलं, "दाव्यात काय सिद्ध करावं लागतं?"

"दोन गोष्टी. घ्यायला हवी होती ती काळजी घेतली नाही, आणि हे त्याच्यामुळेच झालं. खांदा अडकतो, त्यात कुणाचा दोष नाही. अडकल्यावर त्यांनी काय केलं हा प्रश्न आहे. आईचे पाय पोटाशी घ्यायचे, बाळाला फिरवायचं, असं त्यांना शिकवतात. मान धरून ओढायचं नाही. आता त्यांनी ओढलं, हे कोण सांगणार?"

"कोण?"

"तुम्हीच. खोलीत दुसरं आपलं कोण होतं?"

हॉस्पिटलचे कागद आले. त्यात सगळं आलबेल होतं. प्रसूती सामान्य, मोठ्या डॉक्टर स्वतः हजर, कसलाही जोर लावला नाही, आईला औषधाची गुंगी. हाताचं कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, गर्भातच काहीतरी घडलं असावं. तरी दावा दाखल झाला, तारखा पडत गेल्या, आणि एके दिवशी बटणची आई साक्षीला उभी राहिली.

हॉस्पिटलचे वकील आवाजाने लोण्यासारखे होते. त्यांनी तिला आधी पाणी प्यायला सांगितलं. मग तिच्या कामाचं कौतुक केलं. मग म्हणाले, "शिवणघरात तुम्हाला लाडाने काहीतरी म्हणतात ना हो?"

बटणची आई सरळ बाई. तिला वाटलं विचारलंय तर सांगावं. "ओढूनकाबाई."

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशबाईंनीही ओठ दाबले. वकील हसले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली.

"म्हणजे हे वाक्य तुम्ही दिवसभर म्हणता. गुंगीत तुम्हाला वाटलं, तुम्ही मशीनवर बसलाय, आणि तेच तुमच्या तोंडी आलं. किंवा तोंडी आलंही नाही, नुसतं स्वप्नात आलं. बरोबर?"

तिने वकीलबाईंकडे बघितलं. छताकडे बघितलं. नाही, असं छातीठोक म्हणायला हवं होतं, दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. पण तिलाच तो प्रश्न इतकी वर्षं पडत होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

वकीलबाईंनी डोळे मिटले. समोरच्यांनी मात्र आणखी एक पान टाकलं: आजीने गावभर वाटलेले फोटो. वाढदिवसाचा, बागेतला, शाळेतल्या नाचाच्या दिवशीचा. सगळीकडे बटण हात खिशात घालून, हनुवटी वर करून उभी. "ही मुलगी आयुष्यभरासाठी अधू आहे, असं यांचं म्हणणं आहे," वकील म्हणाले आणि फोटो हळूच टेबलावर ठेवून बसले.

त्या दिवशी जिन्यात वकीलबाई बटणच्या आईला रागावल्या. "आपल्या हाताने पुरावा शिवून टाकलात तुम्ही! इतकं सफाईने लपवायचं कशाला?"

"तिला कुणी हसू नये म्हणून," आई म्हणाली. वकीलबाईंनी पर्स चाचपून एक पेपरमिंट काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

न्यायाधीशबाईंनी निकाल न देता डॉक्टरांचं मंडळ नेमलं. मंडळ मुलीला समोर बसवून तपासणार, दोन्ही बाजू हजर राहणार, आणि मग हात किती गेलाय आणि कशाने, ते कळवणार. वकीलबाईंनी बजावून ठेवलं, "दुकानातला साधा गोल गळ्याचा शर्ट घाला. बटणं नकोत, खिसा नको. तिथे तिला काढ-घाल करायला सांगतील. तुम्ही खुर्चीवरून उठायचं नाही. तिला जमलं नाही, हेच आपल्याला दाखवायचंय."

बटणच्या बाबाने पिवळा शर्ट आणला, पुढे बदक असलेला. आईने तो उलटा-सुलटा करून बघितला. शिवण बरी होती. तो तिने घडी करून ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा ठेवला. त्या दिवशी शिवणघरात तिने डावी बाही उजव्या मुंढ्याला लावली, आणि शेजारणीने दाखवेपर्यंत तिला कळलंही नाही. दावा हरण्याची भीती होतीच, हरलो तर ऑपरेशन कुठून करायचं हा घोर होता. पण तिला खात होता तो वेगळाच विचार. तिच्या लेकीला सगळ्यांसमोर, पहिल्यांदा, काहीतरी जमणार नव्हतं. आणि तिला मदत करायची नाही, असं आईनेच कबूल केलं होतं.

मंडळाची खोली लांबट होती. खिडकीला हिरवा पडदा होता आणि त्यातून दुपारचं ऊन येत होतं, त्यामुळे टेबल, कागद, माणसांचे चेहरे, सगळ्यांवर हिरवट छटा आली होती. बटणची आई दारात थबकली. आपण इथे येऊन गेलोय, असं तिला वाटलं. टेबलामागे तीन डॉक्टर होते, मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या. एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला लोण्यासारखे वकील, आणि त्यांच्या शेजारी तो चष्मेवाला. आता त्याचं पोट सुटलं होतं, कपाळ वर सरकलं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. बाबा आणि आजी बाहेर बाकावर बसले होते.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी बटणला जवळ बोलावलं. हात दाबून बघितला, बोटं हलवायला सांगितली, टाचणीने हळूच टोचून विचारलं. बटणने सगळं करू दिलं, फक्त दबक्या आवाजात सांगितलं की हा झोपलाय. मग बाई म्हणाल्या, "आता हा बदकाचा शर्ट काढून पुन्हा घालून दाखवशील? एकटीने? कुणीही मदत करायची नाही हं."

काढायला जमलं. गळा मागून धरून तिने तो डोक्यावरून खेचला आणि डाव्या हातावरून तो आपोआप घसरला. बटण विजयी मुद्रेने हसली. मग घालायला घेतला. कसा घालायचा असतो हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने आधी डोकं आत घातलं, मग उजवा हात. आता डावा. तो आत कुठेतरी दुमडून बसला. उजव्या हाताने तिने शर्ट खाली खेचला तशी बाही पिळली, गळा वर सरकला आणि चेहरा कापडात गेला. गळ्यातून केस आणि कपाळ तेवढं बाहेर होतं. खांदा अडकला होता.

"आई," कापडातून आवाज आला. "हा उठत नाहीये."

आईने खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आई, त्याला सांग ना. तुझं ऐकतो तो."

खोलीत कुणी हललं नाही. हिरवा उजेड जड झाला, लांबून कुठूनतरी ट्रे वाजल्यासारखं तिला वाटलं. कापडात आता बारीक हुंदके सुरू झाले होते. सगळ्यात जवळ उभा होता तो चष्मेवाला. त्याला ते बघवलं नसावं. वाईट माणूस नव्हता तो, नुसता भित्रा होता, आणि भित्री माणसं घाईने मदतीला धावतात. तो दोन ढांगांत पुढे झाला, पोरीच्या डोक्यामागे हात घातला, गळा धरला आणि ओढला.

"ओढू नका."

बटणची आई ओरडली नाही. मशीनवरून मान वर न करता म्हणते, तशीच म्हणाली. आवाज गुंगीतून आल्यासारखा संथ होता.

चष्मेवाल्याने चटका बसावा तसे हात मागे घेतले. तो तिच्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच बघत होता. त्याचे हात अजून हवेतच होते, आणि तो हळूहळू पांढरा पडत गेला.

"काय झालं डॉक्टर?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"ह्या... तेव्हाही असंच म्हणाल्या होत्या."

"डॉक्टर, तुम्ही बसून घ्या," लोण्यासारखे वकील म्हणाले. आवाजातलं लोणी वितळलं होतं.

"असंच. ह्याच आवाजात. ओढू नका, आणि पुढे... पुढे म्हणाल्या, वळवून घ्या. मला वाटलं, बरळतायत." त्याने चष्मा काढला. "मॅडम खाली होत्या, बाह्यरुग्ण विभागात. फोनवर मला म्हणत होत्या, ओढ, मी येतेच. मी ओढत होतो."

वळवून घ्या. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. वकीलबाईंना नाही, नवऱ्याला नाही, कारण हे तिलाच आठवत नव्हतं. तिच्या स्वप्नातही तेवढं नव्हतं. हे फक्त ऐकणाऱ्याकडे राहिलं होतं.

तिला आनंद झाला नाही. ती खुर्चीवरून जवळजवळ घसरतच पोरीपाशी पोचली. आता तिला कुणी अडवलं नाही. तिने कापडाखाली हात घातला, खांदा जरासा पुढे वळवला, बाही गोळा करून बोटांवरून, मनगटावरून, कोपरावरून सारत वर आणली. गळ्यातून बटणचा लालबुंद, ओला चेहरा बाहेर आला. त्याला बघून आई तोंड उघडं टाकून, हमसून हमसून रडली. इतकी वर्षं राहिलेलं रडू होतं ते.

"तुम्ही आत्ता म्हणालात ते लिहून द्याल का?" पांढऱ्या केसांच्या बाई चष्मेवाल्याला विचारत होत्या. तो हो म्हणाला.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी सगळ्यांना बजावलं की लगेच हुरळून जाऊ नका, त्याला आता शपथेवर उभं करायचंय, निकाल अजून लांब आहे. पण त्यांनी स्वतः एकदम दोन पेपरमिंटं तोंडात टाकली होती. ही मंडळी घराच्या दारात पोचतायत तोच त्यांचा फोन आला. हॉस्पिटल समेटाचं बोलतंय. ऑपरेशनचं, पुढच्या उपचारांचं सगळं द्यायला तयार आहेत. अट एकच, झाल्या प्रकाराबद्दल कुठे अवाक्षर काढायचं नाही.

बटणच्या बाबाने फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं. "अगं, काय सांगू?"

"पैसे पोरीच्या हक्काचे आहेत, ते घेऊ," ती म्हणाली. "गप्प बसायची अट मात्र नको. आजवर काय वेगळं केलं आपण?"

बाबाने आजीकडे बघितलं. आता ही सव्वा लाख काढणार, असं त्याला वाटलं. आजी चपला काढत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "उघडा एकदाची ती मूठ. फोटो मीच वाटले होते, आता सांगत मीच फिरते."

चहा झाल्यावर बटणची आई खिडकीशी बसली. उन्हं कलली होती, पडदा हलत होता आणि जमिनीवर त्याची सावली पाण्यासारखी पुढे-मागे होत होती. तिने कपाटातले सगळे झगे काढून मांडीवर घेतले आणि टाके कापायच्या उसवणीने पहिल्याच्या खिशाचा टाका उचलला. बटण बदकाच्या शर्टातच शेजारी येऊन बसली.

"खिसा काढतेस? मग हा झोपणार कुठे?"

"तो झोपत नाही, बाळा. मी तुला खोटं सांगितलं होतं."

बटण विचारात पडली. "मग पाववाल्याचा समुद्र कुणी शिवला?"

"ते मला नाही माहीत."

उसवणीखाली एकेक टाका तुटत होता. बटणने उजव्या हाताने डावा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि आज पहिल्यांदाच भेटल्यासारखा निरखून बघितला. "मग ह्याला काय झालंय?"

"लागलंय. तू जन्माला येत होतीस ना, तेव्हा अडकली होतीस. आणि त्यांनी तुला ओढलं."

"शर्टात ओढलं तसं?"

"तसंच."

बटणने आईकडे बघितलं. तिच्या कपाळावर मोठ्या माणसासारखी आठी पडली. "मग तू सांगितलं नाहीस त्यांना, ओढू नका म्हणून?"

आईच्या हातातली उसवण थांबली. हाच प्रश्न ती स्वतःला विचारत आली होती, आणि प्रत्येक वेळी दोरा तुटायचा, जाग यायची, उत्तर मिळायचं नाही.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी."